टोक राखायचे कसे? लेसकामाच्या हत्यारांविषयी वाचकांचे प्रश्न

बॉबिन लेस (भरीव उशीवर नमुन्याचा पुठ्ठा लावून, त्यात रोवलेल्या टाचण्यांच्या आधाराने बॉबिनवरचे धागे गुंफून केलेली), सुईची लेस आणि क्रोशाची लेस करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय निरनिराळ्या रूपांत आला आहे: टाचण्या, टोचण्या, बारीक आकड्या, सुया आणि कात्र्या काम नसताना ठेवायच्या कुठे आणि कशा? या हत्यारांचे नुकसान वापरात फार थोडे होते. त्यातले बहुतेक ती डबीत, पिशवीत किंवा उशीवर नुसती पडलेली असताना होते आणि हात टोचतो तोही बऱ्याचदा त्याच वेळी, हत्यार शोधताना. म्हणून या अंकातील उत्तरे मी थोडी विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न: मी उशीवर बॉबिन लेस करते. काही अडचणीमुळे एक काम तीन-चार महिने टाचण्यांसह तसेच राहून गेले. टाचण्या काढल्या तेव्हा काही छिद्रांभोवती तपकिरी आणि काहींभोवती हिरवट ठिपके दिसले. सगळ्या टाचण्या एकाच डबीतल्या होत्या, मग असे का झाले?

उत्तर: दोन रंगांचे डाग पडले, याचा अर्थ तुमच्या डबीत दोन धातूंच्या टाचण्या मिसळल्या आहेत. तपकिरी डाग लोखंडाच्या गंजाचा आहे आणि हिरवट डाग पितळेला चढणाऱ्या कळंकाचा. वरून पाहता दोन्ही पांढऱ्या आणि चकचकीत दिसतात, कारण दोन्हींवर निकेलचा मुलामा असू शकतो. हा मुलामा अतिशय पातळ असतो, आणि टाचणी नमुन्याच्या पुठ्ठ्यातून शेकडो वेळा आत-बाहेर गेली की तो टोकाकडून झिजू लागतो. मग आतला धातू उघडा पडतो, आणि तो पोलाद असेल तर गंजतो, पितळ असेल तर कळकतो.

उशीच्या आत काय घडते ते समजून घेतले पाहिजे. पेंढा, लाकडाचा भुसा, लोकर यांपैकी काहीही भरलेले असले तरी ते हवेतील दमटपणा शोषून धरते. टाचणीचा खालचा दोन-तृतीयांश भाग त्या दमट भरावात रुतलेला असतो, म्हणून गंजाची सुरुवात नेहमी नजरेआड होते. अशी एखादी टाचणी हलकेच उपसून भिंगाखाली धरून पाहा. डोक्याजवळचा भाग आरशासारखा स्वच्छ दिसेल, पुठ्ठ्याच्या पातळीवर एक मंद, काळपट कडे दिसेल आणि त्याखाली पृष्ठभाग खरखरीत झालेला असेल. टाचणी काढताना हाच खरखरीत भाग विणीतून वर ओढला जातो आणि गंज धाग्याला पुसला जातो. म्हणजे डाग काही अंशी आधीच पडलेला असतो आणि उरलेला टाचणी काढताना पडतो. बोटांच्या घामातील मीठ या सगळ्याला हातभार लावते. उन्हाळ्यात हात ओले असताना लावलेल्या टाचण्या आधी खराब होतात, त्याचे कारण हेच.

आता टाचण्या निवडून वेगळ्या करा. प्रथम लोहचुंबक लावून पाहा. जी टाचणी जोरात चिकटते ती पोलादी आहे. पितळेची, मुलाम्याची असली तरी, जवळजवळ हलत नाही. येथे एक अडचण आहे. स्टेनलेस स्टीलची तार थंड अवस्थेत ओढून टाचणी केलेली असते, आणि त्या ओढण्यामुळे एरवी चुंबकाला न जुमानणारे स्टेनलेसही थोडेफार चिकटू लागते. म्हणून चिकटणाऱ्या टाचण्यांतून एक-दोन घेऊन त्या मिठाच्या पाण्याने ओलसर केलेल्या कापसात रात्रभर ठेवाव्यात. साधे पोलाद सकाळपर्यंत तपकिरी खूण सोडते, स्टेनलेस मात्र सहसा तसेच राहते. चाचणी घेतलेल्या टाचण्या पुन्हा कामात घेऊ नयेत. पितळेची खात्री करायची असेल तर डोक्याजवळ बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवावा, पिवळा रंग उघडा पडतो. मुलाम्याच्या साध्या पोलादी टाचण्या लेसकामातून पूर्णपणे बाद कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या शिवणकामात चालतील, कारण तेथे टाचणी कापडात काही तासच राहते. लेसमध्ये ती कित्येक आठवडे राहते.

पुढच्या कामात इतके पाळा. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि काम करण्यापूर्वी हाताला क्रीम लावू नये. काम पुढे सरकत जाईल तशा मागच्या टाचण्या काढून घ्याव्यात. ताण टिकवण्यासाठी विणीच्या शेवटच्या वीतभर भागातील टाचण्या बहुतेक नमुन्यांत पुरतात. उशी झाकण्यासाठी धुतलेले सुती कापड वापरावे, प्लास्टिक नको, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. काम बराच काळ थांबणार हे कळताच टाचण्या एकेक करून बदलाव्यात: मागच्या टोकापासून सुरुवात करून एक टाचणी उपसावी आणि त्याच छिद्रात लगेच स्टेनलेसची टाचणी रोवावी, म्हणजे वीण सैल पडत नाही. हे किचकट काम आहे, पण लेस धुऊन डाग जाईल या आशेपेक्षा ते कितीतरी खात्रीचे आहे.

पडलेल्या डागांविषयी थोडक्यात सांगते. क्लोरीनचे ब्लीच लावू नका. त्याने गंजाचा डाग जात नाही, उलट अधिक पक्का होतो आणि धागा कुजतो. सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण आधी त्याच धाग्याच्या उरलेल्या तुकड्यावर लावून पाहावे, धाग्याला आणि रंगाला काही होत नाही असे दिसले तरच डागावर लावावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा खळबळून काढावे. लेस जुनी किंवा मौल्यवान असेल तर तिला घरी हात न लावता वस्त्रसंवर्धनाच्या जाणकारालाच दाखवावी.

डबीचे म्हणाल तर धातू आणि जाडी या दोन्हींप्रमाणे टाचण्या वेगळ्या ठेवाव्यात. साधारण कामाच्या टाचण्या ०.५ ते ०.६५ मि.मी. जाडीच्या असतात, बारीक कामाच्या ०.४ मि.मी.च्या आसपास असतात, आणि अगदी तलम लेससाठी काही जण कीटकसंग्रहाच्या टाचण्या घेतात, ज्यांतील तीन शून्यांच्या क्रमांकाची टाचणी अवघी ०.२५ मि.मी. जाड असते. अशी टाचणी जाड टाचण्यांच्या ढिगात टाकली तर डबी हलवली की ती वाकते, आणि किंचित वाकलेली टाचणी पुठ्ठ्यातील छिद्र ओढून मोठे करते.

प्रश्न: पुठ्ठ्यावर नमुन्याची छिद्रे पाडण्याच्या टोचणीला मी खोडरबराचा तुकडा लावून ठेवत असे. काही दिवसांनी तो तिच्या प्लास्टिकच्या मुठीला चिकटला आणि मूठ तेथे मऊ पडली. शिवाय एकदा रबर निघून आले आणि पिशवीत हात घालताना टोचणी बोटात खोल गेली. टोकासाठी योग्य टोपण कोणते?

उत्तर: आधी बोटाविषयी. टोचण्याची जखम वरून लहान दिसते, पण आत खोल असते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, आणि धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ झाला असेल तर डॉक्टरांना विचारावे. हत्यारावर गंज नव्हता म्हणून निर्धास्त राहू नये. धनुर्वात गंजामुळे होत नाही, जखमेत शिरणाऱ्या जंतूंमुळे होतो.

खोडरबराचे आता. पांढरी, मऊ खोडरबरे बहुधा पीव्हीसीची असतात आणि त्यांना मऊ ठेवण्यासाठी त्यांत एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर झिरपते आणि शेजारच्या कठीण प्लास्टिकमध्ये उतरते, म्हणून मूठ विरघळल्यासारखी झाली. खऱ्या रबराचीही एक अडचण आहे: त्यात गंधक असते आणि ते पितळ व चांदी काळी पाडते. टोचणीच्या टोकाला दोन्ही नकोत.

बुचाचा तुकडा पुष्कळ जण वापरतात. तो वाईट नाही, पण दमट हवेत बूच ओल धरते आणि पोलादी टोक त्यात आठवडेच्या आठवडे रुतून बसते. शिवाय टोक दर वेळी नव्या जागी घुसवले की बूच भुसभुशीत होते आणि एके दिवशी टोक दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावते. रोजच्या वापरात, दिवसभरापुरते बूच चालेल. दीर्घकाळ ठेवायचे असेल तर सिलिकोनची बारीक नळी घ्यावी. ती टोकाला नव्हे तर टोचणीच्या दांडीला किंवा मुठीच्या कडेला घट्ट बसेल एवढ्या व्यासाची असावी आणि टोकाच्या पुढे निदान १ सेंटिमीटर मोकळी राहील एवढी लांब असावी. टोपणाचे काम टोकाला धरून ठेवणे नसून टोकाभोवती पोकळी राखणे आहे, हे लक्षात ठेवले की निवड सोपी होते. टोक टोपणाच्या तळाला टेकत असेल तर पिशवी खाली आपटताच एकतर टोक वाकेल किंवा टोपण फुटेल.

माझी स्वतःची पसंती मात्र वेगळ्या सोयीला आहे. टोचणीसाठी पिन-व्हाइस, म्हणजे सुई पकडणारी पोकळ धातूची मूठ, वापरावी. तिच्या तोंडाशी चार फटी असलेला छोटा जबडा असतो आणि वरची कडी फिरवली की तो सुईला आवळतो. काम संपल्यावर कडी दोन आटे सैल करावी, सुई बाहेर काढावी, उलटी करून टोक आतल्या पोकळीत घालावे आणि कडी पुन्हा आवळावी. बाहेर फक्त सुईचे नेढे उरते. टोपण हरवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि सुई बोथट झाली की तेवढी बदलता येते. विकत घेताना मूठ आतून खरोखर पोकळ आहे ना, आणि तुमची सुई तिच्यात पुरेशी खोल जाते ना, एवढे तपासून घ्यावे.

प्रश्न: विणीत जोड घेण्यासाठी, म्हणजे आधीच्या विणीतून धागा ओढून घेण्यासाठी, माझ्याकडे ०.४ मि.मी.ची आकडी आहे. कापडाच्या गुंडाळीत इतर आकड्यांबरोबर ठेवते. अलीकडे ती रेशमी धाग्याचे तंतू उपसते. आकडी खराब झाली असे समजावे का?

उत्तर: खराब झाली असावी, पण दुरुस्त होण्यासारखी असू शकते. एवढ्या बारीक आकडीचे नाक केसाच्या जाडीपेक्षा फार मोठे नसते. कापडाच्या गुंडाळीत ती घालताना नाक प्रत्येक वेळी कापडाच्या धाग्यांत अडकते आणि तुम्ही नकळत ते ओढून सोडवता. त्यातून नाकाची आतली कड उचलली जाते किंवा नाक बाजूला कलते. शेजारच्या आकड्यांशी होणारी ठोकर त्यात भर घालते.

जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून आकडी सर्व बाजूंनी अलगद फिरवून पाहा. जेथे मोजा अडकतो तेथे कड उचलली आहे. सुती शिवणदोऱ्याला धातू चकाकवण्याची मऊ पेस्ट लावावी, तो दोरा आकडीच्या खोबणीत घालून दोन्ही हातांनी ताणून पुढे-मागे ओढावा, मग तसाच नाकाच्या वरून ओढावा. सात-आठ वेळा ओढून पुन्हा मोज्यावर तपासावे. पेस्ट स्पिरिटने पूर्ण पुसून काढल्याशिवाय आकडी लेसला लावू नये. नाकच कललेले असेल तर सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. कडक केलेले पोलाद उलट वाकवायला गेले की सहसा तुटते, आणि तुटलेला कण विणीत राहिला तर तो शोधणे फार अवघड असते.

आता ठेवण्याविषयी. या पत्रांतील जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे एकच गोष्ट आहे: हात हत्याराकडे जातो तेव्हा त्याला प्रथम मूठ लागली पाहिजे आणि टोकाला कशाचाच स्पर्श होता कामा नये. कापडाच्या गुंडाळीत यांतले काहीच नीट साधत नाही. आकड्या टोक वर करून पेल्यात उभ्या ठेवल्या तर काही उचलायला वाकताना डोळ्याला धोका असतो. टोक खाली करून ठेवल्या तर टोके तळाशी आपटतात. त्यापेक्षा लाकडाचा एक जाड ठोकळा घ्यावा आणि प्रत्येक आकडीसाठी त्यात तिच्या दांडीपेक्षा रुंद पण मुठीपेक्षा अरुंद असे भोक पाडावे. मूठ तोंडाशी अडते आणि टोक भोकात अधांतरी, तळापासून दूर राहते. भोक पाडल्यावर आतला भुसा झटकून काढावा. प्रवासासाठी प्रत्येक आकडीला स्वतंत्र, कडक नळी हवी, आणि आकडी नळीत मुठीने घट्ट बसायला हवी.

जोड घेण्यासाठी पुढे वाकवलेल्या सुईचे जे हत्यार वापरतात, त्यालाही हेच लागू आहे. फक्त त्याचे टोक आडवे असल्यामुळे नळी अधिक रुंद घ्यावी लागेल.

ठोकळ्याच्या लाकडाविषयी एक सूचना. ओकचे लाकूड आणि ताजे प्लायवुड यांतून आम्लाची वाफ निघत राहते. बंद कपाटात ती साठली की धातू त्याने खराब होतो. संग्रहालये धातूच्या वस्तू ओकच्या पेटीत ठेवणे टाळतात ते याचसाठी. उघड्यावरच्या ठोकळ्याला फारसा धोका नाही, पण झाकणाची लाकडी पेटी करून घेणार असाल तर लाकूड विचारून घ्या.

प्रश्न: टाचण्या आणि सुयांसाठी पिनकुशनमध्ये काय भरावे? एमरी भरली की सुया आपोआप धारदार राहतात, असे ऐकले आहे.

उत्तर: एमरी म्हणजे कुरुंदाची लोहमिश्रित भुकटी. ती घासून साफ करण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही. सुईवर गंजाचा हलका ठिपका आला असेल तर एमरीच्या छोट्या पिशवीत ती चार-पाच वेळा खुपसून काढावी, टोक आणि पृष्ठभाग दोन्ही सुधारतात. मुलाम्याच्या टाचण्या मात्र तिच्यात रोज खुपसल्या तर मुलामाच घासून जाईल, आणि पहिल्या प्रश्नात सांगितलेला सगळा त्रास तेथूनच सुरू होईल.

रोजच्या पिनकुशनसाठी धुतलेली, कोरडी लोकर सर्वांत बरी. न धुतलेल्या लोकरीत लॅनोलिन, म्हणजे लोकरीचे नैसर्गिक मेण, असते आणि ते पोलादाला गंजापासून राखते म्हणून काही जण मुद्दाम तीच भरतात. परंतु लेसच्या टाचणीवर तिचा तेलकट थर आला तर तो पांढऱ्या धाग्यावर उतरतो, म्हणून लेसकामासाठी मी तिची शिफारस करणार नाही. कोंडा भरू नये, त्यात कीड होते. स्पंज तर अजिबात नको. पॉलियुरेथेनचा फोम काही वर्षांत चिकट होतो किंवा पिठासारखा झडतो, आणि तो चिकटपणा सुईवरून सुटत नाही. कृत्रिम कापसात सुई सहज शिरते, पण तो तिला वजन देत नाही, कुशन कलंडते. तळाशी जड चकती ठेवून वर तो भरला तर चालेल.

पिनकुशन हे काम चालू असतानाचे ठिकाण आहे, कोठार नव्हे. सुईच्या लेसच्या सुया त्यात कायम ठेवल्या तर हळूहळू पूर्ण आत जातात आणि एके दिवशी तळव्याला लागतात. काम आटोपल्यावर सुया धुतलेल्या फ्लॅनेलच्या पानांत, फक्त वरच्यावर एक टाका घेऊन, अडकवाव्यात. पानांचे पुस्तक बांधून बंद केले तरी टोके कडेबाहेर येणार नाहीत एवढी पाने मोठी कापावीत. पितळेच्या टाचण्या आणि पोलादी सुया एकाच दमट कुशनमध्ये शेजारी राहू देऊ नका. दोन वेगळे धातू ओलाव्यातून एकमेकांना टेकले की पोलाद एकटे असताना गंजेल त्यापेक्षा लवकर गंजते.

प्रश्न: बारीक टोकाच्या कात्रीसाठी चामड्याचे म्यान योग्य का?

उत्तर: वापरतानाचे आवरण म्हणून योग्य, दीर्घकाळासाठी नाही. वनस्पतिज टॅनिनने कमावलेल्या चामड्यात आम्लता असते आणि ओल धरण्याची सवय असते, त्यामुळे पात्यांवर म्यानाच्या आकाराचेच डाग उमटतात. काही महिन्यांसाठी ठेवायची असेल तर कात्री पुसून, पाती मिटून, सुती फ्लॅनेलमध्ये गुंडाळून कडक डबीत ठेवावी. मिटलेल्या कात्रीची टोके एकमेकांना झाकतात. उघड्या कात्रीचे प्रत्येक टोक एकटे पडते आणि सहज वाकते. खिळ्याच्या जागी हलक्या खनिज तेलाचा एकच थेंब घालावा, कात्री अनेकदा उघडझाप करावी, मग टाकाऊ कापडावर तेलाचा डाग येईनासा होईपर्यंत कापत राहावे. या कात्रीने कागद कापू नये. कागदातील खनिज भुकटी धार मारते.

प्रश्न: मला एका वडीलधाऱ्या नातलगांकडून लेसकामाची जुनी पेटी मिळाली आहे. मखमली अस्तर, हाडाच्या मुठी, पितळेच्या टाचण्या. टाचण्यांवर हिरवा थर आहे. पितळ पॉलिशने साफ करून सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) पुड्यांसह पेटी बंद करून ठेवू का?

उत्तर: दोन्ही गोष्टी थोड्या थांबून कराव्यात, अशी विनंती आहे.

बाजारातील पितळ पॉलिशपैकी अनेकांत अमोनिया असतो. तार ओढून केलेल्या पितळेत आतला ताण शिल्लक असतो, आणि अशा ताणलेल्या पितळेला अमोनिया आणि ओल मिळाली की त्याला आतून तडे जातात. हे प्रथम फार मोठ्या प्रमाणावर लक्षात आले ते ब्रिटिश सैन्याच्या भारतातील काडतुसांमुळे. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली काडतुसे नंतर बाहेर काढली तेव्हा त्यांची पितळी नळकांडी चिरलेली आढळली. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. जुनी टाचणी हातात घेताच काडकन तुटते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. म्हणून पॉलिश निवडताना त्यात अमोनिया नाही याची खात्री करून घ्या, आणि खरे तर पॉलिशची गरज किती टाचण्यांना आहे तेही पाहा. हिरवा थर कोरड्या, मऊ ब्रशने निघतो का पाहावे. ब्रश करताना तोंडाला मास्क लावावा आणि नंतर हात धुवावेत, कारण तांब्याचे क्षार पोटात जाऊ देण्यासारखे नसतात. थराखाली खड्डे पडलेले असतील तर त्या टाचण्या स्मृती म्हणून ठेवा, लेसमध्ये रोवू नका.

सिलिका जेल पोलादासाठी उत्तम आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेगाने वाढतो, आणि बंद डबीत जेलची पुडी ती खाली ठेवते. पण हाड आणि लाकूड यांना अति कोरडी हवा मानवत नाही, त्यांना चिरा पडतात. म्हणून पेटीतील धातूची हत्यारे वेगळ्या डबीत काढून जेल तेथे ठेवावे. हाडाच्या मुठींची हत्यारे जेलशिवाय ठेवावीत, खोलीत आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशा जागी. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आजकाल सहज मिळते. जेल रंग बदलणारे घेतलेत तर ओले झालेले समजते. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो आणि तो घातक आहे, त्याऐवजी नारिंगी रंगाचे घ्यावे. ते ओले झाले की पुडीवर दिलेल्या तापमानाला सुकवून पुन्हा वापरता येते. पुडी धातूला टेकू देऊ नये.

मखमली अस्तराखाली बऱ्याचदा ओल धरणारा सरस (चिकटवण्याचा) किंवा कापूस असतो. पेटी शोभेसाठी जपायला हरकत नाही. रोजची हत्यारे मात्र तिच्यात परत ठेवू नका.

थंड, वातानुकूलित खोलीतून डबी उष्ण आणि दमट हवेत नेणार असाल तर ती नेताक्षणी उघडू नये. थंड धातूवर दव धरते आणि नजरेस न पडणाऱ्या त्या ओलीतून गंज सुरू होतो. डबी बंदच ठेवून एक-दोन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

प्रश्न: घरात लहान मूल रांगू लागले आहे. टाचण्या चुंबकाच्या पट्टीवर ठेवणे सुरक्षित ठरेल का?

उत्तर: केवळ चुंबकावर विसंबू नका. पितळेच्या टाचण्या त्याला चिकटत नाहीत, स्टेनलेसच्या जेमतेम चिकटतात, म्हणजे लेसकामाच्या चांगल्या टाचण्या जमिनीवर पडल्यावर चुंबक फिरवून सापडत नाहीत. पोलादी आकड्या आणि सुया त्यावर राहून स्वतः चुंबकीय होतात, एकमेकींना ओढतात आणि धातूचा कीस टोकाला घेऊन फिरतात. बारीक कामात त्याचा त्रास होतो.

शिवाय छोटे शक्तिमान चुंबक मुलांसाठी टाचणीइतकेच धोक्याचे आहेत. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटून तिला भोक पडते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर असे चुंबक त्यापासून निदान १५ सें.मी. दूर ठेवावेत.

मोजणी हा जुना आणि खरा उपाय आहे. उशीवर बसताना ठराविक संख्येच्या टाचण्या छोट्या वाटीत काढून घ्याव्यात, उठताना वाटीतल्या आणि उशीवरच्या मिळून तितक्याच आहेत ना ते पाहावे. एक जरी कमी असली तरी मूल त्या खोलीत येण्यापूर्वी ती शोधावी: दिवा मालवून, बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून प्रकाश सपाट टाकला की टाचणीची लांब सावली पडते आणि ती चटकन दिसते. उशी झाकून उंच, कडी लागणाऱ्या कपाटात ठेवावी. वाटी आणि डब्या त्याच कपाटात, वरच्या खणात असाव्यात, म्हणजे झाकण उघडे राहिले तरी मुलाच्या हाती काही लागणार नाही.

मुलाने टाचणी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढू नये, खायला-प्यायला काही देऊ नये आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. तशीच दुसरी टाचणी किंवा ती ज्या डबीतली होती ती डबी बरोबर न्यावी, डॉक्टरांना लांबी आणि धातू कळतो.

वाकलेल्या टाचण्या, तुटलेल्या सुया आणि बोथट टोचण्या कचऱ्याच्या पिशवीत सुट्या टाकू नका. त्या उचलणाऱ्याच्या हातात जातात. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली त्यासाठी उशीजवळच ठेवावी, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करावे, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे, आणि मगच ती टाकावी.